दोन नंबरची लाइन

मला रेखा तायडेचा हेवा वाटायचा. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली, तेव्हा हे लिहायला हरकत नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विषय दिला तो माणसं सांभाळण्याचा. मी औषधाच्या कारखान्यात एकतीस वर्षं होते, त्यातली बरीचशी पॅकिंग सुपरवायझर म्हणून, हाताखाली बावीस बायका. म्हणून मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. नंतर कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की या विषयावर सांगण्यासारखं माझ्याकडे जे काही आहे ते सगळं दुसऱ्याच एका बाईचं आहे. माझं स्वतःचं म्हणाल तर नुसतं जळणं.

आमचा कारखाना साकीनाक्याला, मोठा रस्ता सोडून आत गल्लीत. एका बाजूला पत्रे कापणारा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बाटल्या करणारा, आणि मधे आम्ही पांढरे कोट घालून. बाहेर धूळ नि हॉर्न, आत थंडगार आणि दवाखान्यासारखा वास. गोळ्या वरच्या मजल्यावर बनायच्या आणि पिंपात भरून खाली आमच्याकडे यायच्या. पॅकिंग म्हणजे खोक्यात भरणं, असं लोकांना वाटतं. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात मशीन प्लास्टिकच्या पट्टीला खळगे पाडतं, एकेका खळग्यात एकेक गोळी पडते, वरून छापलेला चंदेरी कागद चिकटतो आणि दहा-दहा गोळ्यांची स्ट्रिप कापली जाऊन सरकत्या पट्ट्यावर येते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मुली बसलेल्या. पॅकिंगमधली बाई पन्नाशीची झाली तरी मुलगीच. रिकामा खळगा, तुटकी गोळी, पुसट तारीख दिसली की स्ट्रिप बाजूला. चांगल्या स्ट्रिप छोट्या डबीत, सोबत घडी घातलेला माहितीचा कागद, आणि त्या डब्या मोठ्या खोक्यात.

पण खरी जोखीम असते ती मशीन बंद असतानाच्या कामात. एक औषध संपवून दुसरं सुरू करण्याआधी आख्खी लाइन, म्हणजे मशीन आणि पट्टा, रिकामी करायची. आधीच्या मालातली एक गोळी, एक स्ट्रिप, एक छापील डबीसुद्धा मागे राहता कामा नये. पट्ट्याखाली, झाकणांच्या आत, कचऱ्याच्या डब्यात, कोटाच्या खिशात, सगळीकडे बघायचं. सुपरवायझरने सही करायची, मग क्वालिटीचा माणूस पुन्हा बघतो आणि सही करतो. एवढं कशाला? तर आमची रक्तदाबाची एक गोळी पाच मिलिग्रॅमची होती आणि तीच दहाची. रंग एक, आकार एक, फरक फक्त मागच्या छपाईत. एखाद्या म्हातारीच्या पाचच्या डबीत दहाची स्ट्रिप गेली, तर ती दुप्पट औषध घेत राहणार, सकाळी उठताना चक्कर येऊन पडणार, आणि का पडली ते कुणालाच कळणार नाही.

या कामात मी हुशार होते. खोटी नम्रता नको. मशीनच्या आवाजावरून कुठला नट ढिला झालाय ते मला कळायचं. टोपी आणि मास्क लावल्यावर माणसाचे फक्त डोळे दिसतात, पण मी मुलींना हातांवरून ओळखायचे. कोणाचा हात मंद, कोणाचा चलाख, कोणाचा जेवणानंतर सुस्त होतो. माझी एक नंबरची लाइन होती आणि महिन्याच्या उत्पादनाच्या फळ्यावरही ती एक नंबरलाच असायची. बापाने गिरणीत कापडाच्या साच्यावर जन्म काढला. 'साचा थांबला तर माणूस संपला' असं तो म्हणायचा, आणि मी तेच धरून बसले होते. माझ्या लाइनवर लाल बटण दाबून मशीन थांबवण्याचा हक्क फक्त माझा होता. बोलणं नको, प्रश्न नको, हात चालव.

रेखा माझ्याच लाइनवर आली होती, एकोणीस वर्षांची असताना. आईबाप बुलढाण्याकडचे, मुंबईत येऊन बांधकामावर राबलेले, घर कुर्ल्याला. मुलगी बारीक, काळीसावळी, हात जेमतेम. पण डोकं होतं. चार वर्षं तिने माझ्या हाताखाली काढली, संध्याकाळी कॉलेज केलं, रविवारी विहारात लहान पोरांचा अभ्यास घ्यायची. ती पास झाली तेव्हा मीच आमच्या मॅनेजरना, सामंतसाहेबांना, म्हटलं होतं, "हिला कागदपत्रांच्या कामावर घ्या." मला वाटलं, माझ्या हाताखालची पोर वर गेली, छान झालं. ती वर जाऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहील हे मला सुचलंच नव्हतं.

काही वर्षांनी कारखान्यात दुसरी लाइन आली आणि ती रेखाला मिळाली.

दोन लाइनींच्या मधे काचेची भिंत होती. मी काचेतून बघत राहायचे. पहिल्याच आठवड्यात तिने मुलींना सांगितलं, "काही वेगळं दिसलं की बटण दाबा. मला विचारायची गरज नाही." झालं. दोन नंबरची लाइन दिवसातून दहा-बारा वेळा थांबायला लागली. मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "रेखाची लाइन म्हणजे साकीनाक्याचा सिग्नल झालाय." सगळे हसले, रेखापण हसली. म्हणाली, "सिग्नलला थांबलेलं बरं ना मॅडम, अपघातापेक्षा." तिचं हसू खरं होतं, आणि तेच मला झोंबलं.

फळ्यावर दोन-तीन महिने ती मागे होती. मग हळूहळू वर आली. मागे होती तेव्हा मला जितकं बरं वाटायचं, तितकंच ती वर येताना वाईट वाटायला लागलं. पण आकडे एक वेळ सोसले असते. मला सोसवायचं नाही ते काचेपलीकडचं दृश्य. काचेतून आवाज यायचा नाही, नुसतं दिसायचं. कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि सगळ्यांचे खांदे हलायचे, मास्कवरचे डोळे बारीक व्हायचे. हात चालूच असायचे. माझ्या लाइनवर बावीस जणी मान खाली घालून बसलेल्या, आणि मी काचेजवळ उभी. त्या कशाला हसतात ते मला कधीच ऐकू आलं नाही.

कँटीनमध्येही तेच. तिच्या मुली तिच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवायच्या, तिच्या डब्यातली भाजी न विचारता उचलायच्या. मी माझ्या मुलींच्या टेबलावर जाऊन बसले की विषय बदलायचा. "आज उकडतंय ना मॅडम?" एवढंच. मग एकेक जण डबा धुवायला उठायची.

तिने एक वही केली होती. मशीनला दोरीने टांगलेली. मुलींनी स्वतःच्या हातून होता होता राहिलेल्या चुका त्यात लिहायच्या. 'डबी उलटी घातली, लक्षात आलं.' 'झोप आली होती, दोन रिकामे खळगे सुटले, पुढच्या मुलीने पकडले.' स्वतःच्या हाताने, नाव घालून. मी ती वही एकदा उघडून वाचली. पानंच्या पानं. मला धक्का बसला तो चुकांचा नाही. या बायका स्वतःहून लिहितात कशा, याचा.

आणि मी सामंतसाहेबांकडे गेले. अगदी काळजीच्या सुरात म्हटलं, "साहेब, पोरगी चांगली आहे, पण अननुभवी आहे. उद्या सरकारी तपासणीला माणूस आला आणि ती वही त्याच्या हातात पडली तर? आपल्याच अक्षरात आपल्या चुका." साहेब घाबरट नव्हते, पण सावध होते. वही बंद झाली. मी त्या दिवशी घरी जाऊन मटण केलं, असं आठवतं.

रेखा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मुली मशीन सुरू करण्याआधी पाच मिनिटं गोल करून उभ्या राहायला लागल्या. वहीत लिहायचं ते आता तोंडाने सांगायच्या. म्हणजे काचेतून मला बघायला आणखी एक गोष्ट झाली.

मग मी स्वतःची समजूत घातली, की हिला मुलीच चांगल्या मिळाल्यात. यात हिचं काय? तिच्याकडे भारती नावाची एक होती, अंधेरीची, हात असे की बघत राहावं. सामंतसाहेबांना गाठून मी भारतीला माझ्या लाइनवर मागून घेतलं आणि बदल्यात माझी मंगल दिली. मंगल आमच्याकडची सगळ्यात मंद. एका कानाने कमी ऐकू यायचं, मी तिला सगळ्यांदेखत गोगलगाय म्हणायचे. रेखाने एका शब्दाने विरोध केला नाही. फक्त भारतीला म्हणाली, "नीट राहा गं. परब मॅडमकडून मशीन शिकून घे, असं शिकवणारी दुसरी नाही मिळणार."

दोन महिन्यांत काय झालं, तर माझ्याकडे भारती बाकीच्यांसारखी मान खाली घालून बसायला लागली. हात तसेच चलाख, पण तोंड शिवलेलं. आणि काचेपलीकडे मंगल! रेखाने तिला पट्ट्यावरून उठवून शेवटच्या तपासणीला बसवलं होतं, जिथे घाई नसते आणि नजर लागते. मंगलच्या हातून काही सुटायचं नाही. एकदा कँटीनमध्ये मंगल बाकीच्यांना कसली तरी गोष्ट सांगत होती, हातवारे करून, मोठ्या आवाजात. आठ वर्षं ती माझ्याकडे होती. तिला गोष्टी सांगता येतात हे मला माहीत नव्हतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

त्या दिवशी माझ्या लाइनवर दहाचा माल संपवून पाचचा घ्यायचा होता. वरून घाई होती, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी निघणार होती. मी लाइन तपासली. नेहमी मी पट्ट्याच्या कडेचं झाकण स्वतः काढून आत बघायचे. त्या दिवशी काढलं नाही. काचेपलीकडे दोन नंबरची लाइन आमच्याआधी रिकामी होऊन सुरूही झाली होती आणि मला ते दिसत होतं. मी सही केली. क्वालिटीचा माणूस माझ्या वयाचा मान ठेवून दारातूनच बघून गेला. "परब मॅडमनी बघितलंय ना, मग काय प्रश्न?" मशीन सुरू झालं.

तासाभराने भारतीने हात वर केला. "मॅडम, ही बघा ना, ही दहाची..."

मशीनच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही असं मी नंतर लेखी दिलं. पण ऐकू आलं होतं. 'दहाची' हा शब्द ऐकू आला होता. मला वाटलं, दहाची सुट्टी मागतेय, दहाची वेळ झाली म्हणतेय, काहीतरी वाटलं. खरं म्हणजे काय म्हणतेय ते मला ऐकायचंच नव्हतं. मी म्हटलं, "भारती, हात चालव, तोंड नको." तिने ती स्ट्रिप बाजूच्या ट्रेमध्ये टाकली आणि मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत माल पूर्ण झाला. फळ्यावर मी एक नंबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट घालत होते तेव्हा रेखा आत आली. तिच्या मागे दारात भारती, रडून डोळे सुजलेले.

"मॅडम, काल तुमच्या पाचच्या मालात दहाची स्ट्रिप आली होती," रेखा म्हणाली.

"मग? काढली ना तिने? संपलं."

"एकच होती हे कुणी सांगितलं?"

झाकणाच्या आत अडकलेल्या स्ट्रिप मशीनच्या हादऱ्याने एकेक करून पट्ट्यावर सरकत येतात, हे मीच तिला शिकवलं होतं. ती एकोणीस वर्षांची असताना, बोट धरून दाखवलं होतं.

"माल दुपारी चाललाय," ती म्हणाली. "दहा वाजेपर्यंत तुम्ही साहेबांकडे जा. तुम्ही नाही गेलात तर मी जाणार."

"तुला हेच पाहिजे होतं ना?" माझ्या तोंडून निघून गेलं. "इतकी वर्षं वाट बघत होतीस ना?"

रेखाला राग आलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मॅडम, मी तुमच्यासाठी नाही आले, तुमच्याविरुद्धपण नाही आले. ही पोरगी रात्रभर झोपली नाहीये. माझी आई तीच गोळी खाते. पाचची. दहा वाजेपर्यंत थांबतेय ते तुम्ही माझ्या मॅडम आहात म्हणून."

ती गेली. मी बाकावर बसून राहिले. भिंतीवर घड्याळ होतं, नऊ वाजून वीस मिनिटं. सगळं नाकारता येईल, हा विचार मनात आला, खोटं कशाला सांगू. ट्रेमधली ती स्ट्रिप नष्ट झाली असेल. भारती नवी आहे, रेखाच्या गटातली आहे, माझ्यावर डूख धरून आहे. साहेबांचा विश्वास माझ्यावर बसला असता. वीसेक वर्षांची सही होती माझी. मग चक्कर येऊन पडणाऱ्या त्या म्हातारीचा विचार आला, जिला मी कधी बघितलेलं नाही. रेखाची आई मात्र मी बघितली होती. एकदा रेखाला डबा द्यायला गेटवर आली होती.

पावणेदहाला मी सामंतसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, झाकणाचं पण. "तुम्ही, परब मॅडम?" साहेब एवढंच म्हणाले आणि गाडी थांबवायला फोन उचलला.

आता आख्खा माल परत उघडायचा. किती स्ट्रिप शोधायच्या ते माहीत नाही, म्हणून सगळ्याच बघायच्या. दोन्ही लाइन बंद. गोदामातून खोके आणून टेबलं मांडली. माझ्या मुली एका बाजूला भिंतीला चिकटून उभ्या, चेहरे पांढरे. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्यावर शेकणार. माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखे जे शब्द होते ते सगळे हुकमाचे होते, आणि हुकूम करायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

रेखा स्टुलावर चढली. "ऐका गं. एक माझ्या लाइनची, एक परब मॅडमच्या लाइनची, अशा जोड्या करून बसा. एकीने बघितलं की दुसरीने परत बघायचं. कुणी केलं, का केलं, हे आज कुणी विचारायचं नाही. आज फक्त दहाच्या स्ट्रिप शोधायच्या. सापडली की ओरडायचं. जोरात ओरडायचं, मंगलला ऐकू गेलं पाहिजे."

मंगल सगळ्यात मोठ्याने हसली. बाकीच्या हसल्या. माझ्या मुलीपण हसल्या. मग कामाला लागल्या.

मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले, मंगलच्या जोडीला. मुद्दाम बसवलं असेल का? असेलही. मंगलने माझ्याकडे अर्धे खोके सरकवले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम चाललं. पहिली स्ट्रिप सापडली ती माझ्याच लाइनवरच्या संगीताला. अकरा वर्षं माझ्याकडे होती, 'हो मॅडम' सोडून दुसरा शब्द मी तिच्या तोंडून ऐकलेला नव्हता. ती उभी राहून किंचाळली, "सापडली!" आणि सगळ्या चाळीस-बेचाळीस जणींनी टाळ्या वाजवल्या. चूक सापडली म्हणून टाळ्या! त्या वेळी मी रेखाकडे बघितलं. ती स्टुलाला धरून उभी होती आणि उरलेले खोके पुन्हा पुन्हा मोजत होती. मला तोवर वाटत होतं हिला हे सगळं सहज जमतं.

दुसरी संध्याकाळी सापडली. तिसरी दुसऱ्या दिवशी, मला. मी ओरडले नाही, नुसता हात वर केला. त्याही वेळी टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी म्हणून वाजलेल्या तेवढ्याच, आणि त्या मला आजही आठवायला नको वाटतात.

तीनच निघाल्या. चौथी नव्हती. गाडी दोन दिवस उशिरा गेली आणि त्यात पाचच्या डबीत पाचच होत्या.

चौकशी झाली. माझ्यावर मेमो आला, क्वालिटीच्या माणसावर आला. भारतीवर काही येऊ नये म्हणून रेखा साहेबांच्या केबिनमध्ये अर्धा तास भांडली, असं कळलं. मला लाइनवरून काढलं. एक नंबरची लाइन रेखाला दिली, म्हणजे आता दोन्ही तिच्या. आणि तिने साहेबांकडे एकच मागणी केली, की 'परब मॅडमना नव्या मुलींच्या ट्रेनिंगला माझ्याकडे द्या.' मला वाटलं, सूड उगवतेय. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "झाकण काढून आत कसं बघायचं ते शिकवा त्यांना. तुमच्याएवढं मशीन मला अजून कळत नाही." टोमणा नव्हता. मी शोधला, पण सापडला नाही.

तुम्हाला वाटेल, यानंतर माझं मन निवळलं असेल. अजिबात नाही. सगळ्यात जास्त जळले ते यानंतर. कारण माझीच लाइन, माझ्याच मुली, माझ्या डोळ्यांसमोर बदलायला लागल्या. संगीता सकाळच्या गोलात उभी राहून बोलायची. ती तर बोलायची थांबेना. पहिला महिना एक नंबरची लाइन फळ्यावर घसरली तेव्हा मी मनातल्या मनात खूश झाले. लाइन माझी होती, तरी ती पडावी असं मला वाटत होतं. पडली नाही.

एकदा दुपारी आम्ही दोघीच कँटीनमध्ये होतो. मी म्हटलं, "रेखा, ती तुझी वही. साहेबांकडे मीच गेले होते."

"माहीत आहे," ती ताक पीत म्हणाली. "साहेबांनी त्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? राग आला. घरी जाऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, भांड्यांनी काय घोडं मारलंय?"

मी हसले. मग जे कित्येक वर्षं विचारायचं होतं ते विचारलं. "या पोरी तुला सगळं सांगतात कशा गं? स्वतःची चूकसुद्धा?"

तिने ग्लास खाली ठेवला. "मॅडम, मी तुमच्या लाइनवर होते ना, तेव्हा माझ्या हातून एक झालं होतं. मोठं. मी सांगितलं नाही तुम्हाला. भीती वाटली. देवाच्या... म्हणजे नशिबाने पुढे कुणीतरी पकडलं. पण चार दिवस मी जेवले नव्हते. तेव्हाच ठरवलं, आपल्या हाताखाली कधी कोणी आलं तर तिला असे चार दिवस काढायला लावायचे नाहीत."

"काय झालं होतं?"

"आता नाही सांगत," ती म्हणाली आणि ग्लास धुवायला उठली.

म्हणजे तिला जे येत होतं तेसुद्धा ती माझ्याकडूनच शिकली होती, असं म्हणायला जागा आहे. मी तसं एक-दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. समाधान झालं नाही.

मी निवृत्त झाले. गेल्या वर्षी कारखाना मुंबईबाहेर न्यायचं ठरलं, म्हणजे खरं तर बंदच झाला, कारण साकीनाक्याच्या बायका रोज तिकडे कशा जाणार? जागेवर म्हणे टॉवर होणार आहे. मी चारकोपला सेक्टरमधल्या बागेत चालायला जाते, तिथे इकडून तिकडून बातम्या कळतात. कोण कुठे लागली, कोण घरी बसली.

एके सकाळी प्रकाशचा फोन आला. प्रकाश आमच्याकडे फिटर होता, त्या स्ट्रिपच्या प्रकरणाआधीच सोडून गेलेला. आता भिवंडीकडच्या एका कारखान्यात पॅकिंगचा प्रमुख आहे.

"परबताई, एक विचारायचं होतं. तुमच्याकडची ती रेखा तायडे आलीय मुलाखतीला. बाई हुशार वाटते. पण अट घालते हो! म्हणते, माझ्याबरोबर सहा जणींना घ्या, आम्ही एकत्र काम केलंय, कुर्ल्याहून एक गाडी करून येऊ. आमचे मालक म्हणतात, ही गट करणारी बाई दिसते, उद्या डोक्यावर बसेल. तुम्ही सीनियर होता. तुम्ही सांगाल तसं करतो."

सहा जणींची नावं त्याने वाचून दाखवली. भारती, मंगल, संगीता आणि आणखी तीन. सहापैकी चार कधी ना कधी माझ्या हाताखाली होत्या. कारखाना गेला तरी त्या एकमेकींपासून सुटल्या नव्हत्या, आणि मी निवृत्त झाल्यापासून त्यांतल्या एकीचाही मला फोन नव्हता.

'बघ बाबा, जरा विचार करून घे' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यात खोटंसुद्धा काही नसतं. प्रकाश पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होता.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती. घरी नाही, बहिणीला नाही, बागेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. सगळ्यांना वाटतं मी एक नंबरच्या लाइनची सुपरवायझर म्हणूनच निवृत्त झाले.

"प्रकाश," मी म्हटलं, "तू मला सीनियर म्हणालास, ते चुकलं तुझं. शेवटचं दीड वर्ष मी तिच्या हाताखाली होते."

"तुम्ही? तिच्या हाताखाली?"

"हो. रेखा तायडे माझी साहेब होती," मी म्हटलं. "सातही जणींना घे."